अड्यारच्या अक्कांना

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

देवनागरी वाचायला तुम्हाला जड जातं, तेव्हा हे पत्र नातीकडून वाचून घ्या.

चेन्नईतल्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमधला आमचा पहिला दिवस. हातात फाईल, चहूकडे तमिळ, आणि आईला मी म्हणत होते, "कुणाला विचारू गं आता?" तेवढ्यात मागच्या बाकावरून तुम्ही मराठीत बोललात. तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेली तुमची मराठी. मला अर्धीच कळली, पण डोळे भरून आले. पुढे आईचे किरणोपचार संपेपर्यंत स्वतःच्या यजमानांचं सगळं बघून तुम्ही आमच्यासाठी रांगेत उभ्या राहिलात. आईला घास गिळवेना, तेव्हा दहीभात अगदी बोटांनी कुस्करून, मऊ करून आणलात.

आणि एका संध्याकाळी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची गोष्ट सांगितलीत. त्याबद्दल तर आभार मानायचेच राहून गेले.

पुदुक्कोट्टईची ही मुलगी. 1886 चा जन्म, आई देवदासी समाजातली. मुलांच्या कॉलेजात तिला पडद्याआड बसून शिकावं लागलं. 1912 साली ती मद्रासच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. 1927 मध्ये मद्रास विधान परिषदेत गेली, ब्रिटिश हिंदुस्थानातली पहिली स्त्री आमदार, आणि सभागृहाने तिला उपाध्यक्षही केलं. त्याच वर्षी तिने मुलींना देवाला सोडायची चाल बंद करा, असा ठराव मांडला. पुरता कायदा व्हायला 1947 उजाडलं. वीस वर्षं! अक्का, मी गडहिंग्लजकडची. यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी परडी घेऊन दारात यायच्या, आई त्यांना सुपातून जोंधळे घालायची. त्या बायकांना हे आयुष्य कुणी दिलं, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. तुमच्या त्या बाकावर बसून पहिल्यांदा पडला, याची लाज वाटते.

गांधीजींना अटक झाली तेव्हा, 1930 साली, मुथुलक्ष्मीबाईंनी विधान परिषदेतलं पद सोडून दिलं. त्याच सुमारास निराधार मुलींसाठी अव्वै होम उभं केलं. धाकटी बहीण कॅन्सरने डोळ्यांसमोर गेली होती. ते दुःख त्यांनी मनात धरून ठेवलं आणि 1954 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, अवघ्या बारा खाटांचं हे इस्पितळ सुरू केलं. माझी आई ज्या छपराखाली बरी झाली, ते एका बहिणीसाठी उभं राहिलं, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी बिलं आणि औषधंच आठवत घरी परतले असते.

आई आता भाकरी खाते. स्वतः थापूनसुद्धा. तुमचा स्टीलचा डबा मात्र गडबडीत आमच्या सामानात आला. ती म्हणते, रिकामा पाठवायचा नाही. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा कांदा-लसूण चटणी भरून आणतो. तिखट कमी घालायला सांगितलंय.

तुमचीच,
गडहिंग्लजची लेक