अफगाण नर्तकांना एक संध्याकाळ नको, तालमीचे सहा आठवडे द्या

मा. परराष्ट्र मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि तिथले नर्तक, वादक, नट देशोधडीला लागले. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतले विद्यार्थी आणि शिक्षक पोर्तुगालला गेले. कुणी जर्मनीत, कुणी फ्रान्समध्ये आसरा घेतला, कुणी पाकिस्तान-इराणमध्ये अडकून पडलं, काही दिल्लीत लाजपतनगर-भोगलच्या गल्ल्यांत राहतात. मागे राहिलेल्यांची स्थिती आपण जाणताच. जुलै 2023 मध्ये हेरातला वाद्यांची होळी झाली आणि ऑगस्ट 2024 च्या कायद्याने बाईचं चारचौघांत गाणंही गुन्हा ठरवलं.

या कलावंतांना जगभरातून आमंत्रणं येतात, पण ती बहुतेक एका संध्याकाळची असतात. वीस मिनिटं, आरसेकामाचा रंगीत घेरदार पोशाख, शेवटी टाळ्या आणि समूहाचा फोटो. आपल्या खात्याची भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद मनात आणेल तर याहून मोलाचं काही करू शकते: कलावंतांच्या एका गटाला सहा आठवड्यांची तालमीची जागा, कागदपत्रं आणि मानधन. असं का, ते सविस्तर सांगतो.

अत्तन हा मूळचा पश्तूनांचा रिंगणातला नाच. ढोल आणि सुरनाईवर (सनईसारखं वाद्य) तो संथ सुरू होतो आणि चढत जातो. रिंगणात एक म्होरक्या असतो, त्याच्या खांद्याच्या आणि मनगटाच्या इशाऱ्यावर बाकीचे टाळी, गिरकी आणि बैठक घेतात. लय चढली की दम संपलेले बाहेर पडतात. ढोलवाल्याची नजर म्होरक्याच्या पायावर असते. पाय जड पडू लागले तर तो लय धरून ठेवतो, पाय मोकळे झाले की पुढे रेटतो. म्हणून ध्वनिमुद्रणावर अत्तन बसत नाही. मुद्रण ठरलेल्या सेकंदाला वेग वाढवतं, मग नर्तकांची त्याच्यामागे नुसती पळापळ होते. लोगर प्रांतातल्या लोगरी नाचात हे आणखी ठळक दिसतं. तिथे वादक मध्येच अचानक थांबतो आणि नाचणाऱ्याने त्याच क्षणी, एक हात हवेत, मान वळलेली, जसा असेल तसा गोठायचं. वाद्य पुन्हा सुरू होईपर्यंत पापणीही हलवायची नाही. कधी थांबायचं हे दोघांच्या नजरेत ठरतं. निर्वासनाने नेमकी हीच जोडी तोडली आहे: ढोलवाला एका देशात, म्होरक्या दुसऱ्या, आणि रिंगणातले चौघे तिसऱ्याच.

ओळखीचा प्रश्नही इथेच येतो. अत्तनला राष्ट्रीय नृत्य म्हणतात, पण हजारा, ताजिक, उझबेक कलावंतांपैकी कित्येकांना ते आपलं वाटत नाही. पंजशीर खोऱ्यातला कर्सक नाच वेगळा, हजारांच्या दंबुऱ्याची (दोन तारांचं वाद्य) चाल वेगळी. परदेशी आयोजक जेव्हा 'अफगाण पारंपरिक नृत्य' मागतात, तेव्हा कुणाची परंपरा हा प्रश्न तालमीच्या खोलीत उभा राहतो आणि तो वीस मिनिटांत सुटत नाही. बाईने रिंगणात यावं का, पुरुषांची चाल तिने घ्यावी की नवी रचावी, यावर गट आठवडाभर अडतो. आमच्या मते हे अडणं हेच त्यांचं खरं काम आहे. अफगाण कलावंत कुब्रा खादेमी 2015 मध्ये लोखंडी चिलखत घालून काबूलच्या रस्त्यावर काही मिनिटं चालल्या, त्यापायी त्यांना देश सोडून फ्रान्सला जावं लागलं. मनीझा तलाश 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून ब्रेकिंग (ब्रेकडान्स) नाचल्या, केपवर अफगाण स्त्रियांच्या मुक्तीची मागणी लिहिली म्हणून त्या अपात्र ठरल्या. 2005 मध्ये व्हेनिस बिएनाले या कला प्रदर्शनात अफगाणिस्तानचं प्रतिनिधित्व करणाऱ्या कलावंत लीदा अब्दुल यांनी निर्वासित म्हणून काही काळ भारतात काढला होता. आपल्या देशाशी या कलेचं नातं तसं जुनं आहे. अमीर शेर अली खानाच्या काळात, 1860 च्या दशकात, हिंदुस्थानातले कलावंत काबूलच्या दरबारी गेले आणि खराबात मोहल्ल्यात स्थायिक झाले. त्याच मोहल्ल्यातले गायक उस्ताद सराहंग यांनी पतियाळा घराण्याची तालीम घेतली.

आता प्रत्यक्ष गरजा. आठ जणांच्या रिंगणात हात पसरून प्रत्येकाला साधारण सहा फूट लागतात, म्हणजे घेर 48 फूट आणि व्यास 15 फुटांच्या आसपास. गिरकीत माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून चहूबाजूंनी साडेचार फूट मोकळे हवेत. 24 बाय 24 फुटांची खोली पुरते, ढोलवाला कोपऱ्यात बसतो. फरशी किंवा कोबा मात्र चालणार नाही. अत्तनमध्ये टाच सारखी आपटते आणि सिमेंटवर चौथ्या-पाचव्या दिवशी नडग्या दुखू लागतात. लाकडी पट्ट्या, त्यांखाली रबराचे तुकडे, वर 8 बाय 4 च्या प्लायवूडचे 18 तक्ते आणि त्यावर व्हिनाइल, एवढ्याने काम भागतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन तासांहून जास्त नाच नको. छावणीत किंवा एका खोलीत वर्षं काढलेल्या शरीरावर एकदम भार टाकला की स्नायू दुखावतो आणि सहापैकी तीन आठवडे वाया जातात.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी असावा, पण दिवाळी टाळून. पावसाळ्यात ढोलाचं आणि रबाबाचं कातडं दमट हवेने सैल पडतं, तासातासाला सूर उतरतो. दिवाळी टाळायची ती फटाक्यांमुळे. 11 डिसेंबर 2014 ला काबूलच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात नाटक चालू असताना प्रेक्षागृहात आत्मघाती स्फोट झाला. त्या शहरातून आलेल्या नटांसमोर पूर्वकल्पना न देता संपूर्ण काळोख करू नये, धूर सोडू नये. बाहेर पडायचे दरवाजे पहिल्याच दिवशी दाखवावेत. सोबतीला इथला तबलावादक देणार असाल तर तो पहिल्या आठवड्यापासून बसू द्या. अफगाणी मोघुली ठेका आपल्या रूपक तालासारखा सात मात्रांचा, पण वजन तसंच पडेल असं नाही. आदल्या दिवशी बोलावलेला वादक सवयीने रूपक वाजवतो आणि नाच लंगडतो.

दुभाषा निवडताना भाषा दरी (अफगाणिस्तानातली फारसी) की पश्तू, एवढं विचारून भागत नाही. तो कोणत्या समाजाचा, कोणाच्या ओळखीचा, हे कलावंतांनाच विचारावं, नाहीतर तालमीत कुणी तोंड उघडत नाही. छायाचित्रांबाबत तर नियम लेखी हवा. ज्यांचे आईवडील, भावंडं अजून अफगाणिस्तानात आहेत, त्यांचा चेहरा, नाव किंवा गावाचा उल्लेख प्रसिद्धीत जाता कामा नये. संमती दर फोटोला घ्यावी, एकदाच सही घेऊन मोकळं होऊ नये. थेट प्रक्षेपण नकोच. आयोजकांचा उत्साह इथे सर्वात घातक ठरतो.

कागदपत्रांचा प्रश्न सर्वात कठीण, आणि तो फक्त आपणच सोडवू शकता. युरोपात आश्रय मिळालेल्यांकडे पासपोर्ट नसतो, निर्वासितांचा प्रवास-दस्त असतो. त्यावर भारताचा ई-व्हिसा मिळत नाही. मग बर्लिन, लिस्बन, पॅरिस अशा वेगवेगळ्या ठिकाणी कागदी अर्ज होतात. एकाला व्हिसा मिळतो, दुसऱ्याचा अर्ज पडून राहतो आणि रिंगण पुन्हा मोडतं. आमची विनंती अशी की परिषदेने पूर्ण गटासाठी एकच निमंत्रणपत्र काढावं, गृह खात्याशी बोलून सर्व अर्ज एका अधिकाऱ्याकडे एकत्र पाहिले जावेत आणि निर्णय प्रवासाच्या तीन महिने आधी व्हावा. ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून प्रलंबित आहे, त्यांना बोलावूच नये. बऱ्याच देशांत बाहेर गेलं की अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि आपल्या आमंत्रणापायी कुणाचा आश्रय जाऊ नये.

दिल्लीतल्या कलावंतांची अडचण निराळी. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड हातात असूनही बँक खातं उघडताना अडतं, मग मानधन देणार कसं? ते परिषदेच्या शिष्यवृत्तीच्या स्वरूपात द्यावं. परिषदेची लता मंगेशकर नृत्य-संगीत शिष्यवृत्ती आहेच, पण ती आपली कला शिकायला येणाऱ्यांसाठी आहे. स्वतःची कला जपायला येणाऱ्यांसाठी तिचा एक वेगळा विभाग करावा. आणखी एक. नोव्हेंबर 2024 मध्ये तालिबानने मुंबईच्या वाणिज्य दूतावासासाठी आपला माणूस नेमला. ज्यांच्या राज्यात नाच गुन्हा आहे, त्यांच्याच खिडकीवर पासपोर्ट नूतनीकरणाला उभं राहण्याची सक्ती नर्तकावर नको. भारतातल्या वास्तव्याच्या मुदतवाढीसाठी पासपोर्टची ही अट शिथिल व्हावी.

जागेसाठी पुण्याचा विचार व्हावा. इथे अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले आहेत, नाटकांच्या तालमींची सवय असलेलं शहर आहे, थंडीत हवाही कोरडी असते. प्रयोग झालाच पाहिजे असा आग्रह नको. झाला तर नाटकांना परवानगी देणाऱ्या राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी द्यावी लागते आणि अशा कामाची संहिता पाचव्या आठवड्यापर्यंत तयार नसते. त्यामुळे राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला आधीच कळवून, लेखी रूपरेषेवर प्रमाणपत्र मिळण्याची सोय करावी लागेल.

आठ कलावंत, एक दुभाषा आणि एक फिजिओथेरपिस्ट यांच्या सहा आठवड्यांच्या खर्चाचा तपशील, तालमीच्या खोलीचा आराखडा आणि छायाचित्र-संमतीचा मराठी-दरी मसुदा सोबत जोडला आहे. परिषदेच्या पुणे कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना वेळ देण्यास सांगितलंत, तर आम्ही हे कागद घेऊन प्रत्यक्ष भेटू.

आपले,
नृत्य-नाट्याच्या तालमी चालवणारे काही जण
पुणे