रजिस्टर उशिरा आलं

दादर, मुंबई
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

तुमच्या केंद्रावरही गुणवत्ता तपासणीचं पथक येणार असं तू लिहिलंस, म्हणून आमच्याकडे झालं ते सविस्तर सांगते.

कागदपत्रं पाठवायची मुदत दोन आठवडे आधीच संपली होती. राहिलं होतं फक्त एका वस्तीतल्या शिबिराचं फॉलोअप रजिस्टर. पथक यायला दोन दिवस उरले असताना ते संध्याकाळी हातात पडलं, पावसाने कडा भिजलेलं. वरिष्ठ म्हणाले, "मुदतीच्या आतली तारीख घाल आणि जोडून टाक." मी नाही म्हटलं. ते चिडले.

रजिस्टर उघडलं, तर व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीत, पॉझिटिव्ह आलेल्या सात बायकांपुढे कोल्पोस्कोपीचा, म्हणजे डॉक्टरांनी भिंगातून करायच्या पुढच्या तपासणीचा, रकाना कोरा! मग मला पथकाचं काही सुचेना. ॲसिटिक ॲसिड लावलं की गर्भाशयमुखावरचा संशयास्पद भाग पांढरा दिसतो, इतकी साधी ही चाचणी. याच मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण पॉझिटिव्ह आलेली बाई पुढे डॉक्टरांपर्यंत पोचलीच नाही, तर त्या चाचणीचा तिला काय उपयोग?

त्याच रात्री फोन लावले. चौघी बोलल्या. दोघींचे नंबर बंद होते, त्यांच्या घरी सकाळी आरोग्यसेविका गेली.

रजिस्टर पाठवलं ते वेगळं, आधीच्या फाइलमध्ये सरकवलं नाही. पथकातले असेसर ती फाइल वाचून प्रश्न काढून बसलेले असतात. मधेच नवा कागद घुसला तर त्यांना कळणार कसं? सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिलं: कधी मिळालं, उशीर का झाला, आत काय सापडलं, आम्ही काय केलं. पथकप्रमुख बाईंनी ते वाचलं, आणि उशिराची नोंदही अहवालात केली. वाईट वाटलं, पण नोंद खरीच होती.

तूही उशिरा आलेला प्रत्येक कागद आधी स्वतः वाच. मीटिंगचं इतिवृत्त, प्रशिक्षणाच्या सह्या असलं काही असेल तर पथकप्रमुखांना विचारून भेटीच्या दिवशी दाखवता येतं. एखाद्या बाईच्या जिवाशी संबंध असेल, तर मात्र तासभरही थांबू नकोस. आधी तिला गाठ, मग पथकाला कळव.

सातवी चिपळूणला गेली आहे, गणपतीनंतर परतेल. तिचं नाव मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

तुझी,
मीना