पांढऱ्या शाईचं कोणी सांगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत प्रिंटिंगच्या धंद्यावर लेख आला होता, कर्ज काढा, यूव्ही मशीन (यूव्ही उजेडाने शाई लगेच वाळवून छापणारं) घ्या, काच म्हणू नका लाकूड म्हणू नका, पाहिजे त्यावर छापा वगैरे. लेख चांगलाच होता, पण तो वाचून मला ओळखीतल्या दोन पोरांचे फोन आले म्हणून लिहायला बसलोय. मी नाशिकला सातपूरला हेच काम करतो, आधी नुसतं फ्लेक्स होतं, आता यूव्ही फ्लॅटबेड (माल सपाट टेबलावर ठेवून छापायचं मशीन) आहे. लेखात हप्त्याचं गणित होतं, गिऱ्हाईक कसं शोधायचं ते होतं, फक्त पांढऱ्या शाईबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि नवीन माणसाला पहिल्या वर्षी रडवते ती हीच.

तुम्हा पेपरवाल्यांना पांढरा रंग फुकटात मिळतो, कागदच पांढरा (बरं, थोडा राखाडी). आम्हाला काळ्या शीटवर किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर छापायचं तर आधी पांढरं अंथरावं लागतं, नाहीतर काळ्यावर पिवळा रंग दिसतच नाही आणि पारदर्शकवर फोटो भुतासारखा आरपार दिसतो. आणि ही पांढरी शाई म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. पाण्याच्या चौपट जड, शिवाय झाकणूक चांगली यावी म्हणून तिचे कण बाकीच्या रंगांपेक्षा मोठे ठेवावे लागतात. मग ती तळाला बसणार नाही तर काय. दिवाळीला चुना लावायचे तेव्हा बादलीत काठी सतत फिरवावी लागायची, थांबलं की वर निवळी आणि खाली गाळ, अगदी तसंच. गंमत म्हणजे ही पूड ज्यापासून करतात ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या रेतीत आहे, म्हणजे आमचं पांढरं निघतं काळ्यातून.

म्हणून मशीनमध्ये पांढऱ्यासाठी वेगळा पंप असतो, तो शाई फिरवत ठेवतो, काहींमध्ये टाकीत ढवळणीपण असते. पण पंप चालणार विजेवर. मी पहिल्या दिवाळीला सगळ्यांसारखं मेन स्विच बंद करून चार दिवस गावाला गेलो, आल्यावर पांढऱ्याचे निम्मे नोझल (शाई उडवणारी बारीक छिद्रं) गायब, क्लीनिंगवर क्लीनिंग मारली, शाई नुसती वेस्ट टँकमध्ये गेली आणि शेवटी हेड (हे नोझल ज्यात असतात तो भाग) बदललं, त्याचा खर्च लाखाच्या घरात गेला, ती दिवाळी मला अजून आठवते. तेव्हापासून पंपापुरता वेगळा इन्व्हर्टर आहे. वीज न सांगता जाते ते आपल्या हातात नाही, पण एवढं आहे. बाटली रोज सकाळी हलवायची, तीपण हळू, आडवी करून, सोड्याची बाटली हलवल्यासारखी नाही, कारण बुडबुडे झाले की ते लाइनमधून हेडपर्यंत जातात.

फोन करणाऱ्या पोरांपैकी एकाने मशीन आधीच घेतलंय, म्हणतो पांढरं निळसर आणि पातळ येतंय, इंजिनिअर बोलावू का. मी विचारलं नोझल चेक (प्रत्येक नोझलची रेघ काढून बघायची चाचणी) कशावर काढला, तर म्हणे साध्या ए-फोर कागदावर. अरे बाबा पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार, काळ्या व्हिनाइलच्या तुकड्यावर काढ. आणि एकदा नाही, लागोपाठ तीनदा काढ. रेघा प्रत्येक वेळी त्याच जागी तुटत असतील तर तिथे नोझल तुंबलाय. दर वेळी जागा बदलत असेल तर ती हवा आहे, तिथे क्लीनिंग मारत बसू नये, थोडा वेळ मशीन तसंच ठेवावं. सुरुवातीला चेक छान येतो आणि मोठं काम लावल्यावर अर्ध्यावर पट्टे पडायला लागतात, तर हेडला शाई पुरत नाहीये, म्हणजे डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) नाहीतर फिल्टर भरलाय. आणि चेकमध्ये सगळ्या रेघा आहेत पण पातळ आहेत, म्हणजे गाळ खाली बसलाय आणि वरचं पाणी छापतंय, याचंच हे होतं. त्याने बाटली आणि टाकी ढवळली, लाइनमधली जुनी शाई थोडी काढून टाकली, संध्याकाळी फोटो पाठवला, झालं काम. इंजिनिअरची व्हिजिट वाचली.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी, त्याच्याकडे मशीन ठणठणीत होतं आणि चूक फाइलमध्ये होती. हे तर मी स्वतः इतक्या वेळा पाहिलंय की आता पांढरं बिघडलं की मी आधी फाइल उघडतो, मग मशीनकडे जातो. फाइलमध्ये पांढऱ्याचा स्पॉट चॅनेल, म्हणजे वेगळा थर बनवतात, त्याचं नाव रिपमध्ये (फाइल मशीनला समजेल अशी करून देणारं सॉफ्टवेअर) जे ठेवलंय अक्षरशः तेच पाहिजे, एक स्पेस जास्त पडली तरी रिप त्याला ओळखत नाही आणि पांढरं छापतच नाही. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) पांढऱ्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे एका रंगावर दुसरा न कापता छापायची सूचना, दिलं नाही की ते खालचा रंग कापून टाकतं, मग नुसता पांढरा ठोकळा येतो आणि फोटो नाही. पारदर्शक शीटच्या पाठीमागून छापायचं असेल तर फाइल उलटी करायची, रंग आधी आणि पांढरं नंतर, हेपण विसरतात.

आणि एक खास आपल्या लिपीचं दुखणं आहे. पांढरं रंगाच्या कडेबाहेर डोकावू नये म्हणून ते आतून थोडं कमी करतात, त्याला चोक म्हणतात, साधारण दोन पिक्सेल. रोमन अक्षरांना चालून जातं. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर इकडेपण पाट्यांची कामं वाढली, तेव्हा एका दाताच्या डॉक्टरांची काळ्या शीटवर लाल अक्षरांची पाटी माझ्याच दुकानातून गेली, खालच्या बारीक ओळीत ‘दतरोगतज्ज्ञ’. फाइलमध्ये अनुस्वार होता! पण फाइल ७२ डीपीआयची (इंचाला ७२ पिक्सेल), दोन पिक्सेल म्हणजे ०.७ मिलिमीटर, तेपण दोन्ही बाजूंनी, आणि तो टिंब सगळा मिळून दीड मिलिमीटरचा, खालचं पांढरं जवळपास सगळंच कापलं गेलं आणि काळ्यावर नुसता लाल टिंब कोणाला दिसणार. डॉक्टर हसले म्हणून बरं, पाटी मात्र माझ्या खर्चाने पुन्हा केली. आता बारीक मजकुराला मी चोक देतच नाही किंवा फाइल ३०० डीपीआयची मागतो.

अजून एक, पांढरं जाड पाहिजे म्हणून एकाच थरात भरपूर शाई ओततात. ही पूड यूव्ही उजेड स्वतःच शोषून घेते, त्यामुळे वर साय धरते आणि खाली कच्चं राहतं, महिन्याभरात नखाने सोलून निघतं. दोन पातळ थर द्यावेत. आत एलईडी असलेल्या पाटीला तर नक्कीच, दिवसा एक थर झकास दिसतो आणि रात्री दिवा लागला की चाळणी.

मशीन घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, माझं घर त्यावरच चालतं. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा हप्त्याच्या गणितात पांढऱ्याची शाई, इन्व्हर्टर आणि वाया जाणारी क्लीनिंग धरा एवढंच. आणि ज्याला घ्यायचंय त्याने आधी येऊन बघून जावं, रविवारी आलात तरी चालेल, दुकान बंद असतं पण बाटली हलवायला मी सकाळी येतोच.

– एक प्रिंटवाला, सातपूर, नाशिक