पाइपच्या तुकड्याबद्दल आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या पाठीचं डॉक्टरांच्या आधी आमच्या शिंपीकाकांना कळलं होतं. ब्लाउजचं माप घेताना ते दरवेळी म्हणायचे, ‘उजवा खांदा अर्धा इंच वर आहे, पॅड घालू का?’ मी आपली पॅड घालून घेत राहिले. एक्स-रेत स्कोलिओसिस, म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला आलेला बाक, निघाला तेव्हा मी ३८ वर्षांची होते. कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, ३२ अंश.

तुमच्याकडे पाठीच्या व्यायामाला येण्याआधी वर्षभर मी दाराच्या बारला लोंबकळत होते. बाक आहे ना, मग ओढला की सरळ होईल, हा माझा हिशेब! तुम्ही हसला नाहीत (हसू दाबलंत, ते दिसलं). बागेतल्या पाइपचा हातभर तुकडा आणलात, त्यावर मार्करने सरळ रेघ ओढलीत. पाइप आधी पुढे वाकवला, मग तसाच बाजूला कलवला, तर रेघ आपोआप फिरून कडेला गेली. ‘मणका कलतो तेव्हा फिरतोसुद्धा. तुमच्या पाठीत नुसता बाक नाही, पीळ आहे.’

ओणवं झाल्यावर उजव्या फासळ्या उंचवट्यासारख्या का दिसतात, ते तेव्हा उमगलं. मणके फिरले, त्यांनी फासळ्याही फिरवल्या. आणि मी ‘कमरेतून’ पिळायची आसनं दोन्ही बाजूंना सारखीच करत होते! कमरेचे ५ मणके फारच थोडे फिरतात, बरंचसं फिरणं वर छातीच्या १२ मणक्यांत होतं. म्हणजे एका बाजूला मी आहे त्याच पिळात भर घालत होते.

मग डाव्या, दबलेल्या फासळ्यांवर तुम्ही तळहात ठेवलात, ‘श्वास इथे घ्या.’ तीन आठवडे तो तिथे फिरकलाच नाही. चौथ्या आठवड्यात आरशासमोर तुमचा हात किंचित उचलला गेला. १९२१ मध्ये जर्मनीत माइसेनला काथारिना श्रोथ यांनी आरसा आणि श्वासाची हीच रीत शिकवायला घेतली, त्यांची स्वतःची पाठही अशीच होती, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फार बरं वाटलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा माझाही गेलेला नाही. दोन वर्षांनी ३१ अंश. पाच अंशांच्या आतला फरक मोजण्यातलाच धरायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. खोटी आशा कधी लावली नाहीत. पण भाकऱ्या झाल्यावर आता ओट्याला टेकावं लागत नाही.

आणि हो, वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढू शकतो म्हणून लेकीला ओणवं करून बघा म्हणाला होतात. बघितलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत. तिला दाखवायला नेलेला पाइप शनिवारी परत आणते.

तुमची,
साडेचारची पेशंट