सुभेदारकाका, आईची पेन्शन सुरू झाली त्याबद्दल

आदरणीय सुभेदारकाका,

तुमच्या तेरवीला जो उभा राहिला तो 1971 बद्दलच बोलला. झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, स्टेपलर यांच्याविषयी कोणी अक्षर काढलं नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असता, "आभार कायचे बाप्पा, पहिले आधारची कॉपी आण."

लढाईचं तुम्ही स्वतः कधी फारसं सांगितलं नाही. कोणी खोदून विचारलंच, तर त्या युद्धातल्या गंगासागरच्या लढाईची गोष्ट काढायचात: 14 गार्ड्स पलटणीचे लान्स नायक अल्बर्ट एक्का, शत्रूच्या मशीनगनवर चालून गेलेले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले. "आमच्या रेजिमेंटचा माणूस," एवढंच म्हणायचात आणि विषय संपायचा.

आमचे बाबा महार रेजिमेंटचे. ते गेले तेव्हा कळलं की पलटणीच्या कागदात आईचं लग्नात ठेवलेलं नाव आहे आणि आधारवर माहेरचं. एका बँकेतून आम्हाला परत पाठवलं. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बाया होत्या. आई रस्ताभर बोलली नाही. संध्याकाळी तुम्ही आलात ते फाईल घेऊनच. बाबांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसला हिंदीत अर्ज. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुम्ही आईला आधी खुर्चीवर बसवलंत, मग साहेबांशी बोललात. आईला संकोच वाटत होता, तेव्हा म्हणालात, "वहिनी, आपण मागायला नाही आलो. भाऊनं कमावलेलं उचलायला आलो." त्या वाक्यानंतर आई सही करताना थरथरली नाही. पेन्शन लागायला वेळ लागला, पण लागली, थकबाकीसकट.

तुमच्या त्या निळ्या वहीबद्दल लोकांना माहीतच नाही. तिच्यात आसपासच्या सगळ्या वीरपत्नींच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या जन्मतारखा होत्या. मला आधी वाटलं, वाढदिवसाला पेढे देत असतील. मग समजलं: ऐंशी वर्षं पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला 30. पण कागदावर बाईची जन्मतारीखच नसेल तर ती वाढ कोण देणार? त्या काळच्या बायांची जन्मतारीख घरातही कोणाला ठाऊक नसायची. मग तुम्ही शाळेचा दाखला शोधायला गावोगाव फिरायचात, स्वतःच्या स्कूटरवर, मे महिन्यातही, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा खिचडी वाटणारे पुष्कळ होते. तुम्हीही होतात. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही लोकांचे भिजलेले कागद गोळा करून आणलेत आणि आपल्या हॉलमध्ये वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवलेत. रेशन कार्ड, मार्कशीट, घराची कागदपत्रं. काकूंना दोन दिवस हॉलमधून चालायला जागा नव्हती. त्या चिडल्याही, आणि माझ्या मते बरोबरच चिडल्या.

खरं तर काकूंचे आभार वेगळ्या पत्रात मानायला हवेत. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कणीक तुम्ही मळायचात हे कबूल, पण पोळ्या लाटायला सूनबाईच लागायची, कारण तुमच्या पोळीचा आकार नकाशासारखा यायचा. तान्ह्या पोळ्याला मात्र तुमच्या हाताला तोड नव्हती. नातवंडांसाठी लाकडी बैल घडवायला बसलात की गल्लीतल्या प्रत्येक पोराला आपला बैल हवा असायचा. चाकं थोडी वाकडी, पण शिंगं अशी ऐटदार की बक्षीस आपल्याच गल्लीत यायचं.

आता वही सूनबाईंकडे आहे. रविवारी सकाळी तुमच्या व्हरांड्यात त्या आणि मी बसतो. ज्यांच्या नावात किंवा जन्मतारखेत घोळ आहे त्यांनी पीपीओ, आधार आणि बँक पासबुक घेऊन यावं. तुमचं अक्षर आम्हाला लागत नाही, ते काकू चष्मा लावून वाचून देतात.

आणि काकूंच्या स्वतःच्या पेन्शनचं म्हणाल, तर कपाटात फाईल तयार सापडली. जोडफोटो, नावाची खात्री, जन्मतारखेचा दाखला, सगळं क्रमानं लावलेलं, वर तुमची पेन्सिलची खूण. गेल्या आठवड्यात जमा केली. कार्यालयातल्या बाईंनी कागद चाळले आणि एकही परत केला नाही.

आपली,
मानेवाड्याची शेजारीण, एका सैनिकाची मुलगी