रानफुलांची हौस, पण रान न तोडता

महोदय,

डोंगरदऱ्यांत रमणारी जोडपी हल्ली लग्नाच्या सजावटीत ‘कासची फुले’ मागतात. आवड आमच्या जिव्हाळ्याची, मागणी मात्र चुकीची. तेरडा, सोनकी ही तिथली रानफुले पावसाळ्याअखेर फुलतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात तोवर ती वाळलेली असतात. शिवाय कास पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळात आहे; तिथले एकही फूल तोडू नये.

रानफुलांचा भास शेतातल्या फुलांनी साधतो. तेरड्याऐवजी जांभळी ॲस्टर, सोनकीऐवजी बारीक पिवळी शेवंती, मधूनमधून कामिनीचा पाला आणि वाळके गवत. देठ मुद्दाम कमी-जास्त उंचीचे ठेवावेत. एका रेषेत कापले की रानपण गेलेच. देठ खोचायचा हिरवा फोम कुजत नाही, तो टाळावा. पितळी कळशीत तारेची जाळी चुरगळून बसवली, की देठ हवे तसे कलते राहतात.

फुले येताच देठ तिरके छाटून तीन-चार तास सावलीत, पाण्यात ठेवावीत. ॲस्टरची खालची पाने आधी खुडावीत. ती पाण्यात राहिली तर पाणी नासते, देठ सडतात. हारासाठी सोनचाफा सुंदरच, पण हाताळला की पाकळ्या तपकिरी पडतात. तो मुहूर्ताच्या सकाळीच ओवावा.

– एक पुष्परचनाकार, सातारा