घरचा मामला

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

मानवी हक्क म्हणजे युरोप-अमेरिकेने जगाला दिलेली देणगी, असं तुमच्या वर्गात सगळे धरून चालतात, हे तू फोनवर म्हणालीस. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मानवी हक्कांवरच्या तुझ्या निबंधाची सुरुवात १९४६ पासून कर. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधनं घालणारा कायदा केला होता. आपण अजून स्वतंत्रही नव्हतो, तरी तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. आमसभेत विजयालक्ष्मी पंडित उभ्या राहिल्या, पुढे आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या त्याच. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. 'मूलभूत मानवी हक्क' हे शब्द असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मूळ मसुदा त्यांचाच. आणि आता त्यांचं म्हणणं, हा आमच्या घरचा मामला आहे, इतरांनी पडू नये. ८ डिसेंबरला ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या तक्रारीची दखल घेणारा ठराव मंजूर झाला. पारतंत्र्यातल्या देशाने हे करून दाखवलं, याने मला आजही भरून येतं.

मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्याला कायद्याचं बळ नव्हतं. बंधनकारक करार लिहायची वेळ आली, तेव्हा तो वसाहतींना आपोआप लागू नसावा, असा ब्रिटनचा आग्रह होता. म्हणजे लंडनच्या माणसाला हक्क, आणि नैरोबीच्या माणसाला राज्यकर्त्यांची मर्जी! १९५०मध्ये आमसभेने ते मानलं नाही.

मग १९६० साली आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊन संयुक्त राष्ट्रांत आले. १४ डिसेंबरला वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध ० मतांनी संमत झाला; ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, पोर्तुगाल तटस्थ. पोर्तुगाल गोव्याला आपला प्रांत म्हणत असे, पण दुसऱ्याच दिवशीच्या ठरावाने गोव्याची गणना पारतंत्र्यातल्या प्रदेशांत केली. मानवी हक्कांच्या १९६६च्या दोन्ही बंधनकारक करारांचं पहिलं कलम उघडून बघ. तिथे स्वयंनिर्णयाचा हक्क आहे; तो घालायचं आमसभेने १९५२मध्येच ठरवलं होतं, आशियाई आणि अरब देशांच्या रेट्यामुळे.

एक बोचणारी गोष्टही गाळू नकोस. 'घरचा मामला' ही भिंत आपण पाडली आणि पुढे कित्येक स्वतंत्र देश तिच्याच आड लपले. आणीबाणीत आपल्याकडेही माणसं चौकशीविना तुरुंगात गेली. तेव्हा, १९७७च्या निवडणुकीत, ७६ वर्षांच्या विजयालक्ष्मीबाई सख्ख्या भाचीच्या, इंदिरा गांधींच्या, विरोधात प्रचाराला उतरल्या. त्यांच्यावर एक स्वतंत्र परिच्छेद लिही. झाला की मला वाचून दाखव.

तुझी,
आई